धवल्याची कॅसेट

जयदेव साळव्याचं दुकान अंबरनाथ पूर्वेला, भाजी मार्केटच्या मागच्या गल्लीत. एका अंगाला पिठाची गिरणी, दुसऱ्या अंगाला सायकलवाला. गिरणी चालू असली की गाणं ऐकायची सोय नाही, आणि गिरणी थांबली की सायकलवाला ठोकाठोक काढायचा. तरी चौऱ्याऐंशी सालापासून गडी तिथंच चिकटून होता. बाप भीमराव ऑर्डनन्स फॅक्टरीत फिटर. त्याचं म्हणणं, पोरानं आयटीआय केलं म्हणजे फॅक्टरीतच चिकटायचं, क्वार्टर हातची जाऊ द्यायची नाही. पोरानं आयटीआय केलं, पण रेडिओ-टेपचं, आणि मग हे दुकान टाकलं.

"तोफा बनवणाऱ्याच्या घरात पिपाणी निघाली," भीमराव लोकांना सांगायचा. पण सांगताना हसायचा.

दुकानात कॅसेटी विकायला कमी आणि भाड्यानं न्यायला जास्त. फळ्यांवर सगळा बाजार एकत्र. भीमगीतं, नाट्यगीतं, कव्वाल्या, शाहिरी, उल्हासनगरच्या चेलाराम शेठकडून आणलेली सिंधी भजनं, कथाकथनाच्या कॅसेटी, पोराबाळांच्या गोष्टी. शाळेतल्या एका बाईंकडून जयदेवनं पुस्तकं वाचून कॅसेटींवर भरून घेतली होती. ज्या बायांना अक्षर येत नव्हतं त्या दुपारी स्वयंपाकघर आवरून ती ऐकायच्या, आणि पुढचा भाग कधी, म्हणून दुकानात येऊन भांडायच्या.

त्याचा नेम एकच होता: एक तुमची, एक माझी. गिऱ्हाईक आपल्या आवडीची कॅसेट घेई, तिच्यासोबत जयदेव स्वतःच्या मनानं दुसरी देई. तिचं भाडं नाही, पण ऐकून येऊन काय वाटलं ते सांगायचं. कव्वालीवाल्याला नाट्यगीत, भीमगीतवाल्याला सिंधी भजन, कीर्तन ऐकणाऱ्या पेन्शनराला फक्कड लावणी.

फॅक्टरीतला शशिकांत एकदा कॅसेट परत करायला आला तो वैतागूनच. "जयदेव, हे काय दिलंस रे? अर्धा तास माणूस नुसता आ आ करतोय. दाढ दुखत होती काय त्याची?"

"पुढं ऐकलंस का?"

"पुढं झोप लागली."

"मग गोळीचे पैसे वाचले ना? आता ही ने. यात दाढ काढलीय."

चेलाराम शेठ त्याला कोऱ्या कॅसेटी द्यायचा तेव्हा डोक्याला हात लावायचा. "साईं, जो बिकता है वो रख ना. ये अजायबघर काय को खोला?" जयदेव म्हणायचा, "शेठ, ऐकायला काय जातंय?" आपल्या दुकानात नाही असं काही या पट्ट्यात गायलं किंवा सांगितलं जात नाही, असा त्याला थोडा गर्व होता. तो एक्क्याण्णव सालच्या उन्हाळ्यात उतरला.

एक बाई आली. हातात डबा, साडीवर कंपनीचा निळा कोट. बदलापूर गावातून अंबरनाथच्या एका कंपनीत पॅकिंगला येणारी. नाव वेणू.

"धवल्याची कॅसेट हाय का तुमच्याकडं?"

जयदेवनं फळ्यांकडं पाहिलं. "कसल्याची?"

"धवले. आमच्या आगऱ्यांच्या लग्नात धवलारीन गाते ते."

त्यानं नाव ऐकलं होतं, आवाज ऐकला नव्हता. मग वेणूनंच सांगितलं. त्यांच्याकडं लग्न धवलारीण लावते. मांडव घातला की ती गायला बसते, आणि आता हळद, आता उंबराची फांदी, आता न्हाणं, हे सगळं तिच्या गाण्यातून चालतं. ती गाईल तसं लग्न पुढं सरकतं. वेणूची सासू विठाबाई ही गावची धवलारीण. तिच्या सासूकडून तिला आलं. वेणूला मात्र आलं नाही, कारण धवला शिकायचा म्हणजे लग्नामागून लग्नं धवलारणीच्या पाठीशी बसून तिच्या मागून म्हणायचं, आणि वेणूची पाळी कधी सकाळची, कधी दुपारची.

"आता काय झालं?" जयदेवनं विचारलं.

"गल्यात गाठ झालीय त्यांच्या. मुंबईच्या डॉक्टरनी सांगितलं, आख्खं आवाजाचं नरडंच काढायला लागंल. जीव राहील, आवाज नाय राहायचा." तिनं डबा या हातातून त्या हातात घेतला. "मला वाटलं, तुमच्याकडं समदं असतं. कुनीतरी भरून ठेवलं असंल."

कुणी भरून ठेवलं नव्हतं. जयदेवनं चेलारामकडं विचारलं, कल्याणला विचारलं, मुंबईच्या व्यापाऱ्यालाही विचारलं. मग रविवारी मशीन पिशवीत घालून तो बदलापूर गावात गेला.

विठाबाई ओट्यावर बसून वाल सोलत होती. अंगानं वाळलेली, नऊवारी घट्ट कासोटा घातलेली. आवाज आधीच फाटलेला. मधेच बारीक व्हायचा, मधेच खरखरायचा. जयदेवनं माइक काढल्यावर तिनं तो निरखून पाहिला आणि बाजूला सारला.

"लगीन नाय तं धवला नाय."

"मावशी, नुसतं भरून घ्यायचंय."

"कुनाचं लगीन लावू मी हतं? तुजं? तुजं झालंय ना?"

"झालंय."

"मंग गप बस. वाल सोल."

त्यानं वाल सोलले. वेणूनं दोनदा विषय काढला तशी विठाबाई तिच्यावर उखडली. "रिकाम्या घरात धवला गायला तं घरातलं शुभ निघून जातं. माज्या सासूनं कंदी गायला नाय, मी गानार नाय. आनि तू गो, तुला येवडा पुळका होता तं माज्या मागं बसायचंस. तुजा गला असा का पावने जेवनावरून उठतील."

वेणूनं मान खाली घालून सालं गोळा केली. हे तिला नवीन नसावं.

तरी विठाबाईनंच वाट काढून दिली. ऑपरेशनच्या आधी गावात एकच लग्न उरलं होतं, बबन भोईराच्या थोरल्या मुलीचं. बबन गावातला वजनाचा माणूस. जमिनी चाळींसाठी विकून झालेल्या, घराला वर मजला चढवलेला, बोलणं तोडून. "त्याच्या मांडवात भर," विठाबाई म्हणाली. "येकदाच. मी थांबनार नाय नि परत म्हननार नाय."

लग्नाच्या दिवशी जयदेव सकाळीच पोचला. मशीन, माइक, लांब वायर, कोऱ्या कॅसेटी आणि लाइट गेली तर म्हणून सेल. मांडवाच्या तोंडाशी बबन उभा होता.

"मशीनवाले तुमी? नाव काय?"

"जयदेव."

"आडनाव?"

"साळवे."

बबननं एकदा त्याच्याकडं, एकदा त्याच्या चपलांकडं पाहिलं. "फॅक्टरीच्या लायनीतले कं?"

"हो. तिथलेच."

मांडवात बायका हळद दळत होत्या, त्यांचं जातं थांबलं. बबननं आवाज न चढवता सांगितलं, "मशीन भायेर ठेवा. वायर आत आली तं चालंल."

बाप असता तर पिशवी उचलून तिथून सरळ घरी नेली असती, आणि जाताना चार शब्द सुनावले असते. जयदेवचा हात पिशवीच्या बंदाकडं गेलाही. तेवढ्यात त्याला आत पाटावर बसलेली विठाबाई दिसली. ती त्याच्याकडंच बघत होती. हा गेला असता तर पुढं कधीच काही उरलं नसतं. त्यानं मांडवाबाहेर, गोठ्याच्या भिंतीशी उन्हात स्टूल मांडलं आणि त्यावर मशीन ठेवलं.

विठाबाई उठली. आपला पाट स्वतः उचलला आणि मांडवाच्या पार कडेला, जिथून स्टूल हाताच्या अंतरावर होतं, तिथं आणून टाकला.

"विठाबाय, मधी बसा ना," बबन म्हणाला.

"आत घुसमटतंय मना. हतं वारा हाय."

वारा कुठंच नव्हता. मे महिना होता. बबननं जोर धरला नाही, कारण धवलारीण उठून गेली तर लग्न तिथंच अडतं. नवरीला, हळदीच्या वाटीला, करवल्यांना सगळ्यांना कडेला सरकावं लागलं.

घराच्या खिडकीतून लाइटची वायर घेतली आणि जयदेवनं बटण दाबलं. विठाबाईनं डोळे मिटले. पहिल्या ओळीला आवाज फाटला, दुसरीला सावरला, तिसरीला तो असा काही लागला की गोठ्यातली म्हैससुद्धा रवंथ थांबवून बघायला लागली. मांडवाचा धवला झाला. हळदीचा झाला. मधे ती पाण्याचा घोट घ्यायची, गिळताना तिचं तोंड वेडंवाकडं व्हायचं, वेणू मागून पाठ चोळायची. जयदेवनं बाजू पालटली. न्हाण्याचा धवला लागला:

*आना गो आना, उल्हासचं पानी,*
*नवरी आमची न्हाते…*

आणि लाइट गेली.

मशीन थांबलं. विठाबाई थांबली नाही. सुरू झालेला धवला मधे तोडत नाहीत. जयदेवनं पिशवीत हात घातला, सेलचं पुडकं फाडलं, मागचं झाकण काढलं. सेल हाताला गरम लागले. तो क्षणभर थबकला.

त्या काळी उतरलेले सेल कुणी टाकून देत नसे. पत्र्यावर उन्हात वाळत घालायचे, म्हणजे त्यांच्यात थोडी धुगधुगी येते, दोन-चार गाणी निघतात. जयदेवच्या दुकानाच्या पत्र्यावरही असे सेल कायम पापडासारखे पडलेले असायचे. गिऱ्हाइकाला मशीन वाजवून दाखवायला तेवढे पुरत. निघताना त्यानं ते आवरून टेबलावर ठेवले होते, आणि नवे सेलही तिथंच ठेवले होते. कागद दोन्हींना एकाच जुन्या पेपरचा.

हे नवे की ते? पण पिशवी सकाळपासून उन्हात होती. मशीन गरम होतं, स्टूल गरम होतं, त्याचं स्वतःचं डोकं तापलं होतं. सेल गरम लागले यात काय नवल? तिकडं ओळी निघून चालल्या होत्या. त्यानं सेल भरले, बटण दाबलं. लाल दिवा लागला. चाकं फिरायला लागली.

विठाबाई गात राहिली. न्हाणं झालं, उंबराची फांदी आली, पाठवणीचा धवला लागला. शेवटी शेवटी तिच्या गळ्यातून निम्मा वाराच येत होता. चाकं जरा आळसावल्यासारखी वाटली तेव्हा जयदेवनं डोळे चोळले. लाल दिवा अंधुक वाटला तेव्हा त्यानं त्यावर हाताची सावली धरली. सावलीत दिवा ठीक दिसला. थांबवून तपासायला वेळच नव्हता. ती पुन्हा म्हणणार नव्हती.

शेवटची ओळ संपली. विठाबाईनं पदर तोंडाला लावला, त्यावर रक्ताचा थेंब उतरला. वेणूनं तो जागेवरच मुठीत दाबला, कुणाला दिसू नये म्हणून.

"भरलं कं?" विठाबाईनं विचारलं.

"भरलं, मावशी."

अंबरनाथला परतल्यावर पहिलं काम त्यानं कॅसेट लावायचं केलं. मांडवाचा धवला, हळदीचा धवला, एकदम स्वच्छ. गिरणीवालासुद्धा पट्टा थांबवून दारात आला. मग न्हाण्याचा. लाइट गेली तिथं खट्ट झालं, आणि पुढं आवाज आला तो विठाबाईचा नव्हताच. जरा चढा. मग आणखी चढा. ओळी एकमेकींच्या अंगावर पडायला लागल्या. उंबराच्या धवल्याला आठ-दहा वर्षांची पोर गात असावी तसा, आणि पाठवणीला तर चिमणीसारखी नुसती चिवचिव.

"हे काय रे?" गिरणीवाला हसला. जयदेवच्या तोंडाकडं पाहून परत गिरणीकडं वळला.

जयदेवला कारण लगेच कळलं. सेल मरत आले, चाकं मंद फिरली, मंद चाकांवर आवाज भरला. आता मशीन नीट वेगानं फिरवतंय, म्हणून आवाज पळतोय. टेबलावर नवे सेल जसेच्या तसे होते.

सकाळी तो बदलापूर गावात धावला. म्हटलं, पाया पडू, बबनच्याच पाया पडायला लागलं तरी पडू, अजून नवरीची हळद उतरली नाही तोवर तिच्याकडून उरलेलं म्हणवून घेऊ. घराला कुलूप होतं. शेजारचा जनू दात घासत बाहेर आला.

"कालच नेली सांच्याला. हास्पिटलातून निरोप आलता, पलंग खाली झाला म्हनून. लवकर कापतील म्हनं, तेवडं बरं."

तो तसाच मुंबईला गेला. वॉर्डाच्या दारात वेणू पिशवी मांडीवर घेऊन फरशीवर बसली होती. त्याला बघून उठली. "तुमी कशाला आलात येवड्या लांब? आत नेलं त्यांना. आत्ताच."

कॅसेट त्याच्या खिशात होती. त्यानं ती काढली नाही. तिच्यासाठी चहा आणला, तिथंच थोडा वेळ बसला, आणि परत आला.

पावसाळा गेला. विठाबाई घरी आली. गळ्याला भोक, त्यावर पांढरा फडका. वेणू पाळी सुटली की दुकानात डोकवायची. "झाली का कॅसेट?"

"साफ करतोय. खरखर फार आहे."

"त्या रोज इचारतात. हातानं असं करून." ती बोटं गोल फिरवून दाखवायची.

"झालीच."

त्या महिन्यांत दुकानाचा नेम बिघडला. 'एक माझी' द्यायचं तो विसरायचा. शशिकांतनं स्वतःहून मागितली तेव्हा हाताला लागेल ती दिली. ती शशिकांतनं गेल्याच आठवड्यात नेलेली होती. विठाबाईची कॅसेट त्यानं फळीवर ठेवली नाही. खिशात ठेवायचा, झोपताना उशाशी ठेवायचा. भीमरावनं एकदा विचारलं, "कुणाची एवढी?" तर म्हणाला, "कुणाची नाही."

दिवाळीच्या तोंडावर बबन भोईर दुकानात आला. पांढरे कपडे, हातात गाडीची किल्ली. बसायला सांगितलं तरी उभाच राहिला.

"धाकटीचं ठरलं. तुलशीचं लगीन झालं का लगेच. विठाबायचं तं तुमाला ठावं हाय. ती कॅसेट पायजे. मांडवात लावू."

जयदेवनं काउंटरवरची धूळ पुसली. "मशीन मांडवात ठेवून वाजवायची का बाहेर ठेवून?"

बबनचा चेहरा आवळला. "जुनं कनाला काढतंस?"

"विचारून ठेवलं. वायर किती लांब घ्यायची ते कळायला."

मग जयदेवनं खिशातून कॅसेट काढली आणि लावली. थेट न्हाण्याच्या धवल्यापासून. बबननं ऐकलं. त्याची भुवई हळूहळू वर गेली.

"ह्यो कं? पोपट बोलतंय?"

"बाहेर उन्हात बसवलंत, त्याचं हे."

जयदेवनं मशीन बंद केलं. ते बोलून त्याला बरं वाटायला हवं होतं, वाटलं नाही. "नाही," तो म्हणाला. "उन्हामुळं कळलं नाही एवढंच. सेल माझेच होते. जुने. चूक माझी."

"मंग पनवेलकडून कोनीतरी आनायला लागंल," बबन किल्ली फिरवत म्हणाला. "आमच्या गावचा धवला येगला, तिकडचा येगला. पन लगीन तं लावायला पायजे." पायरीवर थांबून त्यानं विचारलं, "विठाबायला ठावं हाय?"

"नाही."

"तिला कोन सांगल?"

बबननंच वेणूला सांगितलं असणार. दुसऱ्या दिवशी ती कंपनीतून थेट आली, कोटही काढला नव्हता. ऐकवा म्हणाली. सगळं ऐकलं, चिवचिव संपेपर्यंत.

"सासू माझी बारीक पोर झाली," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, "सहा म्हैने साफ करताय तुमी हे?"

जयदेवनं मशीनमधून कॅसेट काढून खिशात घातली.

"मी नाय सांगनार त्यांना. तुमी चला नि तुमी सांगा."

रविवारी तो गेला. या वेळी दोन मशिनं घेऊन, कारण रात्रंदिवस विचार करून त्याला एक तोड सुचली होती. टेपच्या मोटरीला मागं बारीक भोक असतं, त्यातला स्क्रू फिरवला की वेग कमी-जास्त होतो. एका मशीनवर कॅसेट वाजवायची, पेचकसानं वेग उतरवत न्यायचा, आणि वायर जोडून दुसऱ्या मशीनवर भरून घ्यायचं. पण किती उतरवायचा? सेल कसे कसे मेले ते मशीनला माहीत नव्हतं, जयदेवलाही नव्हतं. ते सांगू शकेल असं एकच माणूस होतं.

विठाबाई भिंतीला टेकून बसली होती. जयदेवनं तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं. पत्र्यावरचे सेल, हाताला लागलेली त्यांची ऊब, लाल दिव्यावर धरलेली सावली. काही लपवलं नाही. ती ऐकत राहिली. मग बोट फिरवलं: वाजव.

त्यानं वाजवलं. स्वच्छ भाग ऐकताना तिचे ओठ हलत होते. मग चढा आवाज लागला. वेणूनं मान वळवली. चिवचिव सुरू झाली तशी विठाबाईचे खांदे हलायला लागले, गळ्यातल्या भोकातून फस्स फस्स वारा निघायला लागला. जयदेव घाबरून उठला.

"बसा," वेणू म्हणाली. "हसतात त्या."

हसून झाल्यावर विठाबाईनं डोळे पुसले, आणि जयदेवच्या मांडीवर एक सणसणीत चापट मारली. वेणूनं त्याचा अर्थ सांगायची गरज नव्हती.

त्यानं दोन्ही मशिनं जोडली, पेचकस हातात घेतला, दुसऱ्या मशीनचं बटण दाबणार तोच विठाबाईनं त्याचं मनगट धरलं. जोरात मान हलवली. अंगणाकडं बोट केलं. रिकामं अंगण.

"लगीन नाय म्हनतात," वेणू म्हणाली.

"आता वाजवायलाही लग्न लागतं का? आत्ताच वाजवलं."

"वाजवायला नाय. भरायला."

जयदेवनं कपाळ धरलं. बबनच्या मांडवाला पंधरा दिवसही उरले नव्हते, आणि त्या मांडवात हे काम होणार नव्हतं. पनवेलची धवलारीण यायच्या आत कॅसेट तयार असायला हवी होती. तो काही बोलणार तोवर विठाबाई हातावर रेटा देऊन उठली, आत गेली. आली ती हळदीची वाटी घेऊन. दोन्ही मशिनांसमोर बसली. एकाच्या कपाळाला, म्हणजे हँडलच्या खाली, हळद लावली. मग दुसऱ्याच्या. मग त्यांना जोडणारी वायर उचलली आणि तिला पदराच्या टोकानं एक गाठ मारून सोडली.

वेणूनं तोंडावर हात घेतला. जयदेव बघत राहिला. साळव्यांच्या घरात हळदी-कुंकवाचं काही चालत नसे. भीमरावनं पाहिलं असतं तर रविवारचं भाषण झालं असतं.

"लावा," तो म्हणाला. "फक्त कॅसेटीच्या खिडकीत टाकू नका, हेड खराब होईल. नवरा कोण यातला?"

विठाबाईनं क्षणाचाही विचार न करता वाजणाऱ्या मशीनकडं बोट केलं. ज्याचा आवाज बिघडलाय तो.

काम सुरू झालं आणि जमेना. विठाबाईनं तळहात आडवा धरला होता. खाली केला की वेग उतरवायचा, वर केला की चढवायचा. पण हात हलून पेचकस फिरेपर्यंत ओळ पुढं गेलेली असायची. एकदा स्क्रू जास्त फिरला आणि न्हाण्याच्या धवल्यात एकदम बाप्या गायला लागला. कॅसेट मागं, पुन्हा पुढं, पुन्हा मागं. एकदा टेप गुंडाळीत अडकली. जयदेवनं ती चिमटीनं केस काढावा तशी सोडवली, पेन्सिलीनं फिरवून आत घेतली. फाटली असती तर एवढंही गेलं असतं.

विठाबाई चिडली. तळहातानं फरशीवर ठेका द्यायला लागली. धप, धप. हा वेग. कळत नाही का तुला? धप, धप.

"मावशी, ठेका कळतो, सूर कळत नाही," जयदेव घामाघूम झाला होता. "कुणीतरी एक ओळ सरळ म्हणून दाखवा. मग मी त्याला मशीन जुळवतो."

कुणीतरी म्हणजे कोण, ते तिघांनाही माहीत होतं. वेणू कोपऱ्यात मशीनच्या वायरीकडं बघत बसली. "माझ्या गल्याचं त्यांनी सांगितलंय ना तुमाला."

विठाबाईनं तिच्याकडं पाहिलं. मग फरशीवर हात आपटला. धप.

वेणूनं ओळ म्हटली. आवाज जाड, थरथरता, पण शब्द न् शब्द जागेवर. ही ओळ आज तिनं इतक्या वेळा, इतक्या वेगांत ऐकली होती. जयदेव पेचकस स्क्रूला लावून वाट बघत होता. विठाबाईनं खूण केली नाही. तिचा हात पुन्हा पडला. वेणूनं दुसरी ओळ म्हटली, मग तिसरी. चौथीला अडली. विठाबाईनं अधीरपणे मशीनकडं बोट केलं. जयदेवनं बटण दाबलं, चिमणी चिवचिवली, त्यानं बंद केलं. वेणूनं चिवचिवीतून शब्द उचलला आणि ओळ आपल्या आवाजात पुरी केली.

"परत अडलं तर सांगा," जयदेव म्हणाला, आणि पेचकस खाली ठेवला.

उंबराच्या धवल्यापर्यंत शेजारच्या दोन बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. वेणू चुकली की विठाबाई तिच्या गुडघ्यावर मारायची, बरोबर असलं की नुसतं फरशीवर. मारणं कमी होत गेलं असं काही नाही. पाठवणीला तर चापटांवर चापटा बसल्या. भरून घ्यायच्या दुसऱ्या मशीनचं बटण दाबलेलंच राहिलं होतं, त्यातली टेप केव्हाच संपून खट्ट करून थांबली होती. जयदेवनं तो आवाज ऐकला. बाजू पालटायला त्याचा हात पुढं झाला नाही.

शेवटची ओळ कशीबशी पुरी झाली. वेणूनं घसा खाकरला, पाण्याचा तांब्या ओढला. विठाबाईनं बोट गोल फिरवलं.

"काय म्हणतात?" जयदेवनं विचारलं.

"पयल्यापास्नं म्हनतात," वेणू म्हणाली, आणि तांब्या खाली ठेवून पुन्हा मांडी घातली.